चाळीसगावच्या ताईंच्या दोन कुंड्या

प्रश्न चाळीसगावच्या एका ताईंचा आहे. मार्चमध्ये वास्तुशांतीला त्यांना फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी भेट आली, पांढऱ्या-जांभळ्या फुलांची. महिनाभर सगळं छान होतं. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला उरलेल्या कळ्या पिवळ्या पडून चार दिवसांत गळाल्या. आता जूनमध्ये पानं मऊ पडून सुरकुतली आहेत, रोज पाणी घालूनही. दुसरी कुंडी डेंड्रोबियम या ऑर्किडची, तीन वर्षांची. पानं छान गर्द हिरवी, पण तिला फूल कधीच नाही, जुन्या काड्यांवर नुसती पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, फुटतात. त्या विचारतात, "आपल्याकडच्या उन्हात ऑर्किड जगतच नाही का? की माझ्याच हाताला गुण नाही?"

ताई, हाताला काही झालेलं नाही, आणि सगळा दोष उन्हाच्या माथीही मारू नका. जळगावात मी अठरा वर्षं ऑर्किड सांभाळतोय, आधी गच्चीवर आणि आता नर्सरीत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारच्या हवेत ओलावा म्हणून उरत नाही. तरी उन्हाने माझी जितकी झाडं गेली, त्याच्या चौपट पाण्याने गेली. तुमच्या पत्रातलं 'रोज पाणी घालूनही' वाचलं तिथेच निम्मं उत्तर हाती लागलं.

आपण शेतीवाडीतली माणसं. पान मान टाकायला लागलं की पाणी द्यायचं, हे अंगवळणी पडलेलं. फॅलेनॉप्सिसचं पान सुरकुततं तेही पाणी मिळत नाही म्हणूनच. पण कधी कुंडीत पाणीच नसतं, आणि कधी पाणी भरपूर असतं, ते ओढायला मूळ शिल्लक नसतं. दोन्ही वेळा पान अगदी सारखं दिसतं. एकीला पाणी हवं असतं आणि दुसरीला ते मारत असतं. पानाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी फरक कळायचा नाही. तेव्हा झाड कुंडीतून बाहेर काढा.

खाली जुना पेपर पसरा, कुंडी चारही बाजूंनी हलके दाबा आणि पानांच्या बुडाशी धरून झाड सोडवा. बहुतेक मुळांच्या मधोमध मॉसचा, म्हणजे सुकवलेल्या शेवाळाचा, एक घट्ट गोळा निघेल, ओल्या बोळ्यासारखा. मोठ्या पॉलिहाऊसमध्ये रोप लहानपणी त्यात लावलेलं असतं. तिथली हवा आणि पाणी मोजूनमापून असतं म्हणून चालतं. आपल्या घरी वरचा थर तासाभरात कोरडा दिसतो, आत गोळा आठ-आठ दिवस गच्च ओला राहतो. वरून कोरडं दिसलं म्हणून आपण आणखी पाणी घालतो.

आता एकेक मूळ दोन बोटांत धरून हळूच दाबा. चांगलं मूळ टणक लागतं. कोरडं असताना चंदेरी-पांढरं, ओलं केलं की मिनिटाभरात हिरवं. सडलेलं मूळ तपकिरी, दाबलं की पचकतं, आणि जरा ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि हातात बारीक दोरा राहतो. हे एकदा बोटांना कळलं की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. मुळाचा वरचा पांढरा थर म्हणजे एक प्रकारचा स्पंज. जंगलात ही मुळं झाडाच्या खोडाला धरून उघड्या हवेत असतात. पाऊस आला की तो थर पाणी टिपून घेतो आणि वाऱ्यावर लगेच सुकतो. सारखं ओल्यात ठेवलं तर त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी अमळनेरकडचे एक बाबा पिशवीत झाड घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, हाई झाड मरी गयं वाटस." पिशवी उघडली तर झाड काळ्या मातीत लावलेलं, वर शेणखताचा थर. बाबांनी त्याला शेतातली सगळ्यात चांगली माती दिली होती! मी हसलो नाही, कारण माझं पहिलं ऑर्किडही मी असंच मारलं होतं. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कपाशीला चांगली, आणि नेमकं त्याचसाठी ऑर्किडला वाईट.

तर सडलेली मुळं कात्रीने कापून टाका. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून गार होऊ द्या, आणि प्रत्येक झाडाला नव्याने तापवा. ऑर्किडमधले विषाणू कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांच्यावर औषध नाही. कापलेल्या टोकावर दालचिनीची पूड लावा, पण फक्त कापलेल्या जागी. चांगल्या मुळांवर ती पडली तर तीही सुकतात. मॉसचा गोळा पूर्ण काढा. मग सुपारीएवढे नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग आणि लाकडी कोळसा एक भाग, असं मिश्रण भोकंवाल्या कुंडीत भरा. पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी मिळाली तर उत्तम, मुळांचा रंग बाहेरूनच दिसतो. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा चालतो, दगडी कोळसा नको. सोडणाचे तुकडे वापरण्याआधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, त्यात मीठ असतं. लावल्यावर तीन-चार दिवस पाणी देऊ नका, कापलेल्या जखमा सुकू द्या. पानांवर सकाळी हलका फवारा चालेल. त्यानंतर कुंडी हातात उचलून बघायची सवय लावा. पाणी दिल्यावरचं वजन आणि सुकल्यावरचं वजन हाताला आठवड्याभरात कळायला लागतं. मुळं चंदेरी झाली आणि कुंडी हलकी लागली की पाणी. पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदाच लागेल, मेमध्ये एक दिवसाआड. अमुक दिवसांनी पाणी, असं वेळापत्रक कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

पाणी किती, याच्याइतकंच पाणी कसलं हेही बघायला हवं, आणि खान्देशात घोडं इथेच पेंड खातं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर ९०० च्या आसपास येतो. ऑर्किडला १५० ते २०० पर्यंत ठीक. त्याच्या वर क्षार साठत जातात, मुळांची टोकं काळी पडतात, मातीच्या कुंडीवर पांढरं पापुद्र्यासारखं येतं आणि पानांचे शेंडे जळतात. लोक त्याला रोग समजून औषध मारत बसतात. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. गच्चीच्या पन्हाळीखाली झाकणाचा ड्रम ठेवा, पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्या, मग भरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. आरओचं चालतं, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास काहीच राहत नाही, म्हणून चार भाग आरओला एक भाग नळाचं पाणी मिसळावं. मात्र आरओच्या बाहेर टाकलेल्या पाण्याला हात लावू नका. मशीनने काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. 'पाणी वाया जातं म्हणून झाडांना घालते' असं कितीतरी घरांत ऐकतो. जास्वंद ते सोसेल, ऑर्किड नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी त्याहून वाईट, दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे घट्ट होत राहतात.

आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी. माझी एक मोठी चूक सांगतो. पाचेक वर्षांपूर्वी मे महिन्यात मी दुपारी अडीचला नळी लावली आणि डेंड्रोबियमच्या अकरा कुंड्यांवर पाणी सोडलं. वाटलं, उकाड्यात बिचाऱ्यांना गारवा. नळीतून पहिलं जे पाणी आलं त्याने माझाच हात भाजला, तरी मी 'आता गार येईल' म्हणत तसाच उभा. दुसऱ्या दिवशी कोवळे कोंब शिजल्यासारखे लोळले होते. अकरापैकी चार वाचल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात आदल्या रात्री बादली भरून ठेवतो आणि सकाळी सातच्या आत पाणी देतो. पाणी देताना फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पोंग्यात थेंब साचला तर टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून घ्यायचा. तिथे पाणी राहिलं की पोंगा काळा पडतो, मधलं पान ओढल्यावर अलगद हातात येतं, आणि मग बहुतेक वेळा ते झाड गेलंच समजा.

आता गळालेल्या कळ्या. ताई, आखाजीच्या आठवड्यात घरात आंब्याची अढी घातली होती का? किंवा स्वयंपाकघरात केळीच्या फण्या? तुमच्या घरी नसतील तर खान्देशात कुणाच्या असतील! पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. रावेर-यावलच्या केळीला पिकवणीच्या खोलीत हाच वायू देतात, साधारण १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. ऑर्किडच्या कळीला एक पीपीएमपेक्षाही कमी पुरतो. कळीला वाटतं आपला काळ संपला. ती पिवळी पडते, देठाशी सुटते आणि गळते. उमललेलं फूलही एका रात्रीत कागदासारखं मिटतं. घर बंद, कूलर किंवा एसी सुरू, कोपऱ्यात पेंढ्यात दोनशे आंबे आणि जेवणाच्या टेबलावर कुंडी, असा योग जुळला की चार दिवस खूप झाले. धुरातही हाच वायू असतो, म्हणून कळ्या आलेली कुंडी देवघराच्या धूप-उदबत्तीजवळही नको. कळ्या गळायला दुसरी कारणं आहेतच. कूलरचा झोत थेट अंगावर, कुंडी रोज इकडून तिकडे हलवणं, मुळं सडलेली असणं. तुमच्याकडे मुळं आधीच गेलेली दिसतात, त्यात अढीने भर घातली असावी. पुढच्या वर्षी आंबे एका खोलीत आणि ऑर्किड दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढंच.

डेंड्रोबियमचं दुखणं वेगळं. तुम्ही पानं 'छान गर्द हिरवी' असल्याचं लिहिलंय, आणि तिथेच ते कळलं. गर्द हिरवं पान म्हणजे उजेड कमी. पान जरा पोपटी, पिवळसर झाक असलेलं हवं. लालसर व्हायला लागलं तर ती शेवटची हद्द, त्यापुढे पांढरे-तपकिरी डाग पडून पान भाजतं. डेंड्रोबियमला सकाळचं चार-पाच तास ऊन लागतं, पूर्वेची गॅलरी असेल तर प्रश्नच नाही. दुपारी पानाच्या वर हात धरून सावली बघा. फॅलेनॉप्सिसवर पडणारी सावली पुसट हवी, डेंड्रोबियमवर कडा ओळखू येतील इतकी स्पष्ट. आणि पानाला हात लावून बघा. गरम लागलं तर झाड भाजतंय, मग वर कितीही महागाची जाळी असू दे. एप्रिल-मेमध्ये ७५ टक्के सावली देणारी हिरवी जाळी, एरवी ५० टक्क्यांची. कुंडी गच्चीच्या फरशीवर टेकवू नका, आणि पश्चिमेच्या भिंतीला लावून तर मुळीच नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. लोखंडी स्टँडवर ठेवा, खाली ओलं गोणपाट पसरा.

दुसरं म्हणजे खत. नत्र जास्त झालं, ओल जास्त झाली की डेंड्रोबियम फुलाच्या डोळ्यातून पिल्लू काढतं. गोमूत्र, जीवामृत, शेणखताचं पाणी, जे घरात आहे ते सगळं त्याला घालू नका. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) घरोघरी शेतासाठी आणलेलं असतं, ते चालेल. पण शेतात आपण १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम टाकतो, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. ऑर्किडला त्याचा दहावा भाग, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्याने ओली करून. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या म्हणजे साठलेले क्षार निघून जातील. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी द्या, १९:१९:१९ बरोबर एकाच डब्यात मिसळलं की तळाशी साका बसतो. डिसेंबर-जानेवारीत खत बंद, पाणी निम्म्यावर. त्या काळात काही पानं गळतील, तो रोग नव्हे. पानं गळालेल्या जुन्या काड्या वाळलेल्या समजून कापतात, तसं करू नका. जोवर काडी टणक आहे तोवर तिच्यात नव्या कोंबासाठी अन्न साठवलेलं आहे, आणि कधीकधी त्याच जुन्या काडीला शेंड्याशी पुन्हा फुलांचा दांडा येतो. पिल्लांची मुळं दोन-तीन इंच झाली की पिरगळून काढा आणि छोट्या कुंडीत कोळशावर लावा. एवढी पिल्लं फुटलीत तर तुम्ही मुळीच वाईट माळीण नाही, फक्त जरा जास्त लाड करता.

किडींबद्दल थोडक्यात. कपाशीवरचा मिलीबग तुम्ही ओळखता, तसलाच पानाच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. मुंग्या चढताना दिसल्या की शोधायचाच. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा, सात दिवसांनी पुन्हा, आणखी सात दिवसांनी पुन्हा. एकदाच पुसून भागत नाही, अंडी राहतात. कोरड्या उन्हाळ्यात पानाच्या मागे चांदीसारखी बारीक ठिपक्यांची झाक आली तर लाल कोळी. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुतली तरी निम्मं काम होतं, नाहीतर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी. पावसाळ्यात मुळांची कोवळी टोकं रात्रीत गायब झाली तर टॉर्च घेऊन गोगलगाय शोधा. घरात शेतावरचं उरलेलं औषध पडलेलं असतं म्हणून ते दिवाणखान्यातल्या कुंडीवर मारू नका, लेकरं असतात त्याच खोलीत. पानावर पाणी भरल्यासारखा, वास येणारा डाग पसरत असेल तर तो जिवाणूंचा असतो. डागाच्या पलीकडे अर्धा इंच चांगला भाग धरून पान कापा आणि झाड पंख्याच्या हवेत कोरडं ठेवा. डेंड्रोबियमवर तांब्याचं बुरशीनाशक मारू नका, त्याला ते सोसत नाही.

एक जरा बाजूची गोष्ट. ऑर्किड बाहेरचं झाड आहे असं आपल्याकडे समजतात. सातपुड्यात आंब्याच्या, मोहाच्या जुन्या खोडावर रास्ना वाढते, ती व्हँडा या ऑर्किडच्या कुळातलीच. लोक तिला बांडगूळ म्हणून ओरबाडतात. बांडगूळ झाडाचा रस पितं, रास्ना नुसती बसायला जागा घेते. चांगली दिसली तरी जंगलातून आणू नका. तिथून उचकटलेली मुळं घरी बहुधा धरत नाहीत, आणि तिथलीही जाते. दुकानातला मोठ्या फुलांचा व्हँडा मात्र कुणी स्वस्तात दिला तरी नव्या माणसाने खान्देशात घेऊ नये. त्याची मुळं टोपलीतून उघडी लोंबतात, मेमध्ये दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं बादलीत बुडवावी लागतात. ज्याला दुपारीही घरी राहता येतं त्याचंच ते काम.

आता तुमचं फॅलेनॉप्सिस. दोन-तीन टणक मुळं उरली असतील तर झाड जगेल. पानं मात्र पूर्वीसारखी ताठ होणार नाहीत, सुरकुतलेलं पान सुरकुतलेलंच राहतं, नवीन पान येईल ते बघा. एकही मूळ नसेल तर झाकणाच्या पारदर्शक डब्यात थोडं ओलसर, पिळून सैल केलेलं मॉस पसरा, झाड त्याच्यावर टेकवा, सावलीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं झाकण उघडा. खत अजिबात नको. पावसाळ्याची दमट हवा तुमच्या बाजूने आहे, मेमध्ये विचारलं असतं तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. दीड-दोन महिन्यांत बुडाशी हिरवं टोक दिसायला हवं. मूळ इंचभर झालं की मग कुंडी.

नोव्हेंबरात रात्री सोळा-अठरा अंशांवर यायला लागल्या की फॅलेनॉप्सिस दांडा काढतं. तीन-चार आठवडे तशी थंडी त्याला हवीच असते, म्हणून तेव्हा खिडकीशी ठेवतात. रात्री पंधराच्या खाली जायला लागली की आत घेतात. तुमच्या झाडालाही कदाचित येईल. अशक्त झाडं तर जास्तच घाईने दांडा काढतात. मुळं अजून चार-पाचच असतील तर तो बोटभर झाला की कापून टाका. जिवावर येईल, घरातले ओरडतील, तरी कापा. फुलं त्याच्या पुढच्या वर्षी घेऊ.